थीम पार्क नावाची बखर

१/
१९ सप्टेंबर १९५९. सोव्हिएत संघाचे सर्वेसर्वा निकिता ख्रुश्चॉव्ह लॉस एंजलिसमध्ये होते. ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सच्या स्टुडिओत त्यांच्या सन्मानार्थ भोजन ठेवले होते. हॉलिवुडचे झाडून सारे तारे-तारका जमले होते आणि पाहुणा मात्र संतापलेला होता. संतापाचे कारण बर्लिन नव्हते, क्षेपणास्त्रेही नव्हती. सुरक्षेची सबब सांगून त्यांना डिस्नीलँड पाहू दिले गेले नव्हते. तिथे क्षेपणास्त्रांचा तळ आहे की पटकीची साथ आली आहे, असा सवाल त्यांनी भर सभेत केला.

२/
अण्वस्त्रधारी महासत्तेचा प्रमुख ज्या जागेसाठी चारचौघांत रुसतो, ती जागा इतिहासाच्या गंभीर अभ्यासकाला मात्र दखल घेण्याजोगी वाटत नाही. 'पोरखेळ', 'बाजारू' आणि 'खोटे' या तीन शब्दांत थीम पार्कची बोळवण केली जाते. हा धागा या तिन्ही शब्दांच्या विरोधात आहे. अमेरिकेचे विसावे शतक समजून घ्यायचे, तर थीम पार्क हे तळटीपेत ढकलण्याचे साधन नव्हे. ते पहिल्या रांगेत ठेवावे लागते.

३/
मराठी वाचकाला हा मुद्दा बखरीच्या उदाहरणाने चटकन उमगेल. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाला लिहिलेल्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कोरडे ओढले, ते योग्यच होते. घडलेल्या प्रसंगाचा पुरावा म्हणून बखर लंगडी असते. परंतु ज्या काळात ती लिहिली गेली, त्या काळाला आपला भूतकाळ कसा हवा होता, याचा तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. थीम पार्क ही अमेरिकेची बखर आहे. फरक एवढाच की या बखरीला फाटक असते, आणि कोणाला आत घ्यायचे हे फाटकावर ठरते.

४/
ही परंपरा वॉल्ट डिस्नेपासून सुरू होत नाही. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन हे तिचे मूळ. सहा महिन्यांत सुमारे पावणेतीन कोटी प्रवेश नोंदले गेले. एका बाजूस शुभ्र प्रासादांची 'व्हाइट सिटी', म्हणजे सुसंस्कृत उद्याचे चित्र. दुसऱ्या बाजूस 'मिडवे', जिथे जॉर्ज फेरिसचा २६४ फूट उंच आकाशपाळणा फिरत होता आणि आफ्रिकेतल्या दाहोमीसारख्या 'रानटी' लोकांची खेडी प्रेक्षणीय वस्तू म्हणून मांडलेली होती. कोण प्रगत आणि कोण मागास, हे व्याख्यानाने सांगावे लागत नव्हते. चालत गेले की पायांना कळत होते.

५/
या प्रदर्शनात अमेरिकेच्या कृष्णवर्णीय नागरिकांना सन्मानाचे स्थान नव्हते. फ्रेडरिक डग्लस आणि आयडा बी. वेल्स यांनी त्याचा जाब विचारणारी पुस्तिका छापून वाटली. स्वतः डग्लस प्रदर्शनात बसत असत, पण कुठे? हैतीच्या दालनात. आपल्या देशाने न दिलेली खुर्ची त्यांना परक्या देशाने दिली होती.

६/
एका कृष्णवर्णीय स्त्रीला मात्र तिथे भरपूर गर्दी लाभली. गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन तयार पिठाच्या जाहिरातीसाठी 'आंट जेमायमा' बनून घिरड्यांसारखे पॅनकेक भाजत होत्या आणि जुन्या दक्षिणेच्या गोड आठवणी सांगत होत्या. हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे. ते या धाग्यात पुन्हा येणार आहे. याच प्रदर्शनाच्या बांधकामावर एलियस नावाचा एक सुतार राबत होता. त्याचे आडनाव डिस्ने.

७/
यानंतर न्यूयॉर्कचे कोनी आयलंड. स्टीपलचेस पार्क १८९७ चे, लुना पार्क १९०३ चे, ड्रीमलँड १९०४ चे. विजेच्या दिव्यांनी झगमगणारी ही नगरे कारखान्यांत आणि शिवणाच्या खोल्यांत आठवडाभर राबणाऱ्या तरुण स्थलांतरितांची होती. इटालियन, ज्यू, आयरिश मुलेमुली इथे आईवडिलांच्या नजरेआड एकमेकांवर आदळत, हसत, हात धरत. अमेरिकन होण्याचे हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नव्हते.

८/
अशा पार्कांचे अर्थकारणही वाचण्याजोगे आहे. अनेक शहरांत विजेवर चालणाऱ्या ट्रॅम कंपन्यांनीच आपल्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर पार्क उभारले. आठवडाभर गाड्या कामगारांना नेत; रविवारी त्या रिकाम्या धावू नयेत म्हणून टोकाला पाळणे बसवले. करमणूक ही भाड्याच्या हिशेबातून जन्मली. संस्कृतीचा इतिहास लिहिणाऱ्याला ट्रॅम कंपनीची खतावणी वाचता आली पाहिजे, ती याचसाठी.

९/
याच कोनी आयलंडवर डॉ. मार्टिन कूनी अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या उबपेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवत. वाचताना अंगावर काटा येतो. पण बहुसंख्य रुग्णालयांकडे तेव्हा अशी पेटी नव्हती, ते आईबापांकडून छदामही घेत नसत आणि तमाशाच्या तिकिटांवर चाललेल्या या दालनाने हजारो जीव वाचवले. 'बाजारू' हा शब्द उच्चारण्यापूर्वी या काचेच्या पेटीसमोर थोडा वेळ थांबायला हरकत नाही.

१०/
वॉल्ट डिस्नेला कोनी आयलंडचा तिटकारा होता. ती गर्दी, तो कचरा, ते फाटक्या तोंडाचे विक्रेते. अनाहाइमच्या संत्र्यांच्या बागा तोडून १६० एकरांवर त्याने जे उभारले, ते कोनी आयलंडला दिलेले उत्तर होते. सभोवती मातीचा उंच बांध, जेणेकरून आतून बाहेरचे जग दिसू नये. प्रवेशद्वार एकच. आणि येण्याचा मार्ग म्हणजे नवाकोरा सांता आना फ्रीवे. ट्रॅमचा शेवटचा थांबा इथे नव्हता. ज्याच्याकडे मोटार, त्याच्यासाठी हे नगर.

११/
पैसा आला दूरचित्रवाणीतून. एबीसी वाहिनीने ५ लाख डॉलर गुंतवले, कर्जाला हमी दिली आणि बदल्यात डिस्नेचा साप्ताहिक कार्यक्रम मिळवला. १७ जुलै १९५५ रोजी उद्घाटनाचे थेट प्रक्षेपण झाले. तीन सूत्रधारांपैकी एकाचे नाव रोनाल्ड रेगन. पुढे 'जुनी, चांगली अमेरिका' परत आणण्याची भाषा करत जो माणूस व्हाइट हाउसमध्ये गेला, त्याने त्या अमेरिकेच्या नेपथ्याचे उद्घाटन पंचवीस वर्षे आधीच केले होते.

१२/
या नेपथ्याचे नाव 'मेन स्ट्रीट, यूएसए'. आत पाऊल टाकले की पहिला रस्ता हाच. काळ साधारण १९०० चा, नमुना मिसुरी राज्यातल्या मार्सेलीन गावाचा, जिथे डिस्ने कुटुंब १९०६ साली राहायला आले आणि वॉल्टच्या बालपणाची काही वर्षे गेली. इमारतींचे वरचे मजले खालच्यांपेक्षा लहान मापात बांधलेले. त्यामुळे रस्ता उंच भासतो, तरी धाकात पाडत नाही. या रस्त्यावर बँक होती. बँक ऑफ अमेरिकाची खरीखुरी शाखा, व्यवहार करणारी. चर्च मात्र नाही. शेजारच्या 'फ्रंटियरलँड'मध्ये सलून होते, पण त्यात दारू नव्हती; तिथे पेप्सी मिळे.

१३/
आता त्या बखरीला अस्सल कागद लावून पाहावा. राज्य तेच मिसुरी. वर्षही तेच, १९०६. एप्रिल महिना, ईस्टरचा सण. स्प्रिंगफील्ड शहराच्या मुख्य चौकात हजारोंच्या जमावाने तीन कृष्णवर्णीय तरुणांना फासावर लटकवून जाळले. ज्या मनोऱ्यावर त्यांना लटकवले, त्याच्या माथ्यावर स्वातंत्र्यदेवतेची प्रतिकृती होती. तीही एक 'मेन स्ट्रीट'च होती. अनाहाइममध्ये १९५५ साली नवी आठवण रचली गेली, तेव्हा तिला माती लागू नये म्हणून केवढा उंच बांध घालावा लागला असेल, याचा अंदाज इथे येतो.

१४/
आणि त्याच १९५५ साली डिस्नीलँडच्या फ्रंटियरलँडमध्ये एक उपाहारगृह उघडले. दारात डोक्याला रुमाल बांधलेली, हसतमुख कृष्णवर्णीय स्त्री पाहुण्यांचे स्वागत करी. पाटीवर नाव होते आंट जेमायमाचे. शिकागोच्या मिडवेला बासष्ट वर्षे लोटली होती; मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४ मध्ये लागला होता. पॅनकेक तसेच होते आणि हसूही तेच होते. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. पार्क एकमेकांकडून पाळणे उचलतात, तशा आठवणीही उचलतात.

१५/
इथे थीम पार्कच्या दुसऱ्या प्रकारच्या टीकाकारांशीही भांडावे लागते. हे लोक पार्कला हलके मानत नाहीत; उलट त्यावर ग्रंथ लिहितात. उंबेर्तो एकोंनी १९७५ च्या निबंधात डिस्नीलँडला अस्सलापेक्षा सरस बनावटीचे तीर्थक्षेत्र ठरवले. जाँ बोद्रिआर यांनी १९८१ मध्ये त्याहून पुढची उडी घेतली: उर्वरित अमेरिकाच डिस्नीलँड आहे, हे लपवण्यासाठी डिस्नीलँड उभे आहे. वाक्य चटकदार आहे. तरुण अभ्यासकांना ते तोंडपाठ असते. पण 'हे खोटे आहे' हा संशोधनाचा निष्कर्ष होऊ शकत नाही. दारात तिकीट फाडणाऱ्यालाही ते ठाऊक असते. आणि 'उर्वरित अमेरिका' म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न त्या चटकदारपणात वाहून जातो.

१६/
उर्वरित अमेरिका म्हणजे उदाहरणार्थ बाल्टिमोरजवळचे ग्विन ओक पार्क. तिथे दरवर्षी 'सर्व राष्ट्रांचा दिवस' साजरा होई. निरनिराळ्या देशांचे पोशाख, नाच, खाद्यपदार्थ. सर्व राष्ट्रांना आमंत्रण. बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय नागरिकांना प्रवेशबंदी. १९५५ पासून याच दिवशी फाटकासमोर निदर्शने सुरू झाली. म्हणजे अनाहाइममध्ये रेगन कॅमेऱ्यासमोर उभे होते, त्याच वर्षी इकडे लोक बंद फाटकासमोर उभे होते.

१७/
उर्वरित अमेरिका म्हणजे वॉशिंग्टनलगतचे ग्लेन एको पार्क. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी तिथल्या मेरी-गो-राउंडवर जाऊन बसले आणि उठेनात. त्यांना अटक झाली. शेजारच्या वस्तीतले गोरे रहिवासी, ज्यांत अनेक ज्यू कुटुंबे होती, निदर्शकांच्या बाजूने उभे राहिले. विरोधात अमेरिकन नाझी पक्षाची माणसे फलक घेऊन आली. दुसऱ्या महायुद्धाला पंधरा वर्षे झाली होती आणि लाकडी घोड्यांच्या चक्राभोवती हा सामना चालला होता. पुढच्या हंगामात पार्क सर्वांना खुले झाले.

१८/
आणि उर्वरित अमेरिका म्हणजे अटलांटाचे फनटाउन. मार्टिन लूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र जगभर वाचले जाते. 'थांबा' म्हणणाऱ्यांना आपण का थांबू शकत नाही, हे सांगताना त्यांनी जी उदाहरणे दिली, त्यांत हे पार्क आहे: दूरचित्रवाणीवर जाहिरात पाहून सहा वर्षांची मुलगी तिथे नेण्याचा हट्ट धरते, आणि बापाला कारण सांगता येत नाही. झुंडशाही, पोलिसी अत्याचार आणि दारिद्र्य यांच्या पंक्तीत किंग यांनी पाळण्यांची बाग बसवली. तिला पोरखेळ म्हणणाऱ्या विद्वानांनी एवढे एक पत्र पुन्हा वाचावे.

१९/
पुढे काय झाले, ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. फाटके उघडली आणि बघता बघता जुनी शहरी पार्क मिटत गेली. कोनी आयलंडचे स्टीपलचेस १९६४, शिकागोचे रिव्हरव्ह्यू १९६७, ग्लेन एको १९६८, क्लीव्हलँडचे युक्लिड बीच १९६९, न्यू जर्सीचे पॅलिसेड्स १९७१. कारणे अनेक होती: जमिनीच्या चढत्या किमती, जुनाट यंत्रे, दूरचित्रवाणी. पण इतिहासकार व्हिक्टोरिया वोल्कॉट यांनी २०१२ च्या ग्रंथात दाखवले, की करमणुकीच्या जागांतील वर्णभेदाविरुद्धचा लढा आणि त्याला गोऱ्यांनी दिलेले उत्तर यांना वगळून हा ऱ्हास समजत नाही. गिऱ्हाईक उपनगरात गेले, आणि पार्कही फ्रीवेच्या कडेला, कुंपणाआड, चढ्या तिकिटासह पुन्हा जन्माला आले. नियमाने अडवण्याची गरज उरली नाही. अंतर आणि दर यांनी ते काम बिनबोभाट केले.

(स्टीपलचेसची जागा १९६५ मध्ये फ्रेड ट्रम्प नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने विकत घेतली. पाडकामाआधी त्याने मेजवानी ठेवली आणि पाहुण्यांच्या हाती काचा फोडायला विटा दिल्या. हा गृहस्थ कोणाचा वडील, हे सांगायला नको.)

२०/
नव्या पिढीतले एक पार्क आपल्या नावातच इतिहास घेऊन आले. १९६१ साली टेक्सासमध्ये उघडलेले 'सिक्स फ्लॅग्स ओव्हर टेक्सास'. टेक्सासवर फडकलेले सहा झेंडे: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सास प्रजासत्ताक, अमेरिका आणि गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटून निघालेला दक्षिणेचा संघ. ते वर्ष यादवी युद्धाच्या शताब्दीचे होते. सहाही झेंडे एका ओळीत, एकाच वाऱ्यावर. गुलामगिरीचा झेंडा असा इतर पाचांसारखाच एक 'कालखंड' बनून गेला. छप्पन्न वर्षे कोट्यवधी मुले त्याखालून आत गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलच्या हिंसाचारानंतर कंपनीने सहाच्या जागी सहा अमेरिकी ध्वज लावले. दोन्ही निर्णय अभ्यासनीय आहेत. पहिल्याने लाजिरवाणे पान सजवून दाखवले. दुसऱ्याने लाजिरवाण्या पानाबरोबर स्पेन आणि मेक्सिकोही फाडून टाकले.

२१/
इतिहासकार आणि थीम पार्क यांची थेट गाठ पडली ती १९९३-९४ मध्ये. व्हर्जिनियात हेमार्केट गावाजवळ 'डिस्नेज अमेरिका' नावाचे इतिहासविषयक पार्क उभारण्याची घोषणा झाली. मॅनॅसस येथील यादवी युद्धाची रणभूमी तिथून काही मैलांवर. राज्याने १६.३ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. गुलामगिरीचा अनुभवही पार्कमध्ये देऊ, असे कंपनीकडून सांगितले गेले आणि आगीत तेल पडले. डेव्हिड मॅकलॉ, जेम्स मॅक्फर्सन यांच्यासारखे नामांकित इतिहासकार विरोधात उतरले. सप्टेंबर १९९४ अखेर कंपनीने बेत मागे घेतला.

२२/
हा इतिहासाचा विजय म्हणून सांगितला जातो. तो विजय होता, पण कशाचा? रणभूमीचा परिसर वाचला, हे उत्तमच. मात्र 'गुलामगिरी पार्कमध्ये दाखवताच येणार नाही' हे जे गृहीत धरले गेले, त्याला अवघ्या दोन आठवड्यांत त्याच राज्यातून उत्तर मिळाले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी कोलोनियल विल्यम्सबर्ग या पुनर्रचित अठराव्या शतकातल्या नगरात गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला. रॉकफेलरच्या पैशातून १९२६ पासून उभे राहिलेले हे नगर. इथेही तिकीट, इथेही पोशाख घातलेले नोकर. मूळ शहरातील निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती, पण त्यांची कहाणी सांगणारा कार्यक्रम सुरू व्हायला १९७९ उजाडले.

२३/
लिलावाचा प्रयोग ठरवला तो तिथल्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन यांनी, आणि विक्रीला उभ्या राहणाऱ्यांपैकी एक त्या स्वतः होत्या. नागरी हक्क संघटनांचे लोक विरोध करायला आले. गर्दीत आरडाओरडा झाला. कोलमन यांनी आधी पाहा, मग ठरवा, असे आवाहन केले. प्रयोग झाला, बघणाऱ्यांचे डोळे भरून आले, आणि विरोधाला आलेल्या एका पदाधिकाऱ्याने तिथेच आपले मत बदलल्याचे सांगितले. हे पुस्तकाने झाले असते का? कदाचित झालेही असते. पण ते झाले तिकीट काढून, पोशाख घालून, पर्यटकांच्या गर्दीत. सोवळे नेसून बसलेल्या टीकेला या घटनेसाठी खण सापडत नाही.

२४/
बखरीची आवृत्ती बदलते, तीही पुराव्यासकट. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात डिस्नेच्या कारागिरांनी बोलणारा, खुर्चीतून उठणारा यांत्रिक लिंकन उभा केला. तोंडी घातलेली वाक्ये लिंकनचीच, निरनिराळ्या भाषणांतून वेचलेली. गुलामगिरीचा उल्लेख मात्र टाळलेला. वर्ष नागरी हक्क कायद्याचे होते आणि प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी शेकडो निदर्शकांना अटक झाली होती. पुढे फ्लोरिडात १९७१ मध्ये 'हॉल ऑफ प्रेसिडेंट्स' उघडले. १९९३ मध्ये त्याची संहिता नव्याने घडली, ती इतिहासकार एरिक फोनर यांच्या हातून. तेव्हा गुलामगिरीचा प्रश्न मध्यभागी आला. एकाच यंत्राच्या तोंडी घातलेली दोन भाषणे समोरासमोर ठेवली, तर तीस वर्षांत अमेरिकेला काय बोलणे शक्य झाले, याचा नकाशा मिळतो.

२५/
'आंट जेमायमा'चे नाव अखेर २०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, उत्पादक कंपनीने रद्द करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात डिस्नेने 'स्प्लॅश माउंटन' ही घसरजत्रा बदलण्याची घोषणा केली. तिचा आधार १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ' हा चित्रपट, जो दक्षिणेतल्या मळ्यांवरचे जीवन गुलाबी रंगात दाखवतो. चित्रपट कंपनीने केव्हाच कपाटात कोंडला होता. तरी त्याची गाणी आणि प्राणी १९८९ पासून रोज हजारो मुलांना पाण्यातून खाली नेत होते. चित्रपट इतिहासाचा अभ्यासक जो कागद बंद झाला असे समजून बसला, तो पार्कमध्ये तीस वर्षे चालू होता.

२६/
तेव्हा इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या ऑर्लँडोच्या छायाचित्रांकडे पाहून नाक मुरडू नये. चित्रातला किल्ला बाजूला सारून मागची पाटी वाचावी. प्रायोजक कोण? झाडू कोणाच्या हातात आहे? दर किती, आणि तो तासाच्या किती मजुरीइतका? जुने नकाशे, तिकीटपुस्तिका, नोकरीच्या जाहिराती हे सगळे कागदच आहेत. डिस्नीलँडच्या तिकिटांना अ ते ई अशा अमेरिकी वर्णाक्षरांच्या श्रेणी होत्या, 'ई' सर्वांत भारी. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली. १९८३ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या अमेरिकी स्त्रीने, सॅली राइड यांनी, उड्डाणाचा थरार वर्णन करायला याच 'ई' तिकिटाची उपमा वापरली, आणि ती कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

२७/
राहिले ग्विन ओक. १९६३ च्या ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, तिथल्या फाटकावर पाद्री, रब्बी आणि विद्यार्थी मिळून पावणेतीनशेहून अधिक लोकांना अटक झाली. अखेर मालक नमले. पार्क सर्वांसाठी खुले होण्याचा दिवस ठरला २८ ऑगस्ट. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये किंग यांचे ते सुप्रसिद्ध भाषण झाले. आणि इकडे बाल्टिमोरजवळ अकरा महिन्यांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला वडिलांनी मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर धरून बसवले. १९७२ च्या चक्रीवादळाने ते पार्क संपवले. मेरी-गो-राउंड विकले गेले आणि १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, स्मिथसोनियन संग्रहालयांच्या दारात बसवले गेले. संग्रहालयाच्या आत जायला तिकीट लागत नाही. घोड्यावर बसायला लागते.